घरी बसणाऱ्यांचा रकाना

ताईला जाऊन आठ महिने झाले होते आणि टायपिस्टबाईंच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं होतं. उरला होता तो डूख. तो मात्र त्यांनी जिवापाड जपला होता.

ताई म्हणजे थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच बाईंना वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं आणि स्वतः चुलीपाशी राहिली. डासांच्या तापाने ती पाच दिवसांत गेली. तिच्या एकतीस नंबरच्या गल्लीत त्या वर्षी धुराची गाडी फिरकलीच नव्हती. का फिरकली नाही, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. गाडी कोणत्या गल्ल्यांत जाणार, ती यादी त्यांनीच टाइप केली होती.

यादीमागचा नियम आरोग्य खात्यातल्या साहेबांचा. गल्लीत धूर मारायला खर्च किती आणि ताप टळला तर लोकांची मजुरी किती वाचेल, हे ताडून पाहायचं. खर्च जड झाला की गल्ली बाद. घरी बसणाऱ्यांच्या रकान्यात शून्य, कारण त्यांची मजुरी बुडत नाही. एकतीस नंबरातली कमावती माणसं दूरदेशी कामाला. मागे म्हातारी, पोरं आणि घर सांभाळणाऱ्या बाया. टाइप करताना बाईंना ते दिसलं होतं. तेव्हा त्या बोलल्या नव्हत्या. हाही एक निखारा होता, पण तो त्या उकरत नसत.

यंदा पुन्हा यादीची वेळ आली. साहेब राहत त्या गल्लीचा खर्च-मजुरीचा तक्ता आजवर कुणी भरलाच नव्हता. गाडीवाला पहिल्या दिवशी आपणहून तिकडे वळे. "आधी साहेबांचे डास, मग जनतेचे," असं तो म्हणे. बाईंनी यंदा तो तक्ता रीतसर भरून मागवला. एकही आकडा खोटा घातला नाही. तशी गरजच पडली नाही. साहेब सोडले तर सगळे पेन्शनर, त्यांच्या बायका, सुना, नातवंडं. रकाना शून्यांनी भरून गेला. यादीबाहेर गाडी नेली तर डिझेल पगारातून कापू, असा हुकूमही बाईंनी सोबत टाइप केला.

कचेरीत गल्ल्या नंबरांनी ओळखत. ते नंबर साहेबांनीच लावले होते, पण आपली गल्ली सतरावी हे त्यांच्या गावीही नव्हतं. घरी जायला कुणाला नंबर लागतो? त्यांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या आणि टायपिंग फार स्वच्छ असतं म्हणून बाईंचं कौतुकही केलं.

तीन आठवड्यांनी साहेब थेट बाईंच्या टेबलाशी आले. आईला ताप भरला होता, रक्त तपासायला दिलं होतं आणि गाडीचा पत्ता नव्हता. बाईंनी कागद काढून पुढे ठेवला. साहेबांनी सही लगेच ओळखली. गल्ली ओळखायला वेळ लागला.

"सतरा म्हणजे आमची?"

"हो."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"नियम तुमचा आहे, साहेब. मागच्या वर्षी एकतीस नंबरही असाच गेला. माझी ताई राहायची तिथे."

साहेब खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले की आत्ताच्या आत्ता गल्ली यादीत घाला. बाईंनी सांगितलं, गल्ली घालता येणार नाही, नियम बदलता येईल. त्यांनी कोरा कागद सरकवला. घरी बसणाऱ्याच्या एका दिवसाची किंमत लिहा, म्हणाल्या.

साहेबांनी मजुरीच्या निम्मा आकडा लिहिला.

"आईला एवढंच?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी तो खोडला, पूर्ण मजुरी लिहिली आणि खाली सही केली.

बाईंनी तिथल्या तिथे नवी यादी काढली. दाटीने राहणारी माणसं आता मोजली गेली, म्हणून एकतीस नंबर सगळ्यात वर आला. सतराची पाळी पाचव्या दिवशी. निदान उद्या तरी पाठवा, असं साहेब म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज पार पडला होता. गाडीने वाट वाकडी केली तर दहा मिनिटांचं काम, हे बाईंना ठाऊक होतं. त्या म्हातारीने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं, हेही मनात येऊन गेलं. बाईंनी ते जाऊ दिलं.

"क्रमाने येईल, साहेब," असं म्हणून त्यांनी प्रती काढायला घेतल्या.