रोशनीच्या शिफारसपत्रातला ऋषी

मित्रांनो, नागपूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या खिडकीशी कडा पिवळ्या पडलेला जो जुना प्रिंटर दिसतो ना, तो मी. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. इथे खोक्यातून बाहेर आलो, त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं. विभागप्रमुख उत्तरा मॅडमनी घरून माझ्यासाठी सुती झाकण शिवून आणलं. तपासणी समिती आली तेव्हा दिवसभर अहवाल छापून मी तापलो होतो, पण एकही कागद अडकू दिला नाही. "आमचा प्रिंटर मोठा गुणी आहे," असं मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे प्राचार्यांच्या खोलीत रंगीत प्रिंटर आला आणि माझे लाड संपले. झाकण फाटलं, ते कुणी बदललं नाही. छपाई फिकी आली की पाठीवर थाप बसते. ती मी सोसतो. सोसवत नाही ते वेगळंच. माझ्यातून जाणारं प्रत्येक अक्षर मला कळतं, पण त्यातलं एकही मला बदलता येत नाही.

रोशनीची गोष्ट त्यातलीच. ही उमरेडची मुलगी. तिच्या घरी पूर्वी हातमाग चालायचा. आता वडील दुकानात कामाला जातात. हातमागाच्या साड्यांचा रंग का उतरतो, यावर तिने आमच्या प्रयोगशाळेत खपून काम केलं होतं. तिला दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत शिकायला जायचं होतं. त्यासाठी मॅडमचं शिफारसपत्र हवं होतं, तेही बंद लिफाफ्यात.

मॅडम वाईट नाहीत हो. त्या दिवसांत त्यांची आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात होती. परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते आणि पत्रं मागणाऱ्या मुलांची दाराशी रीघ होती. रोशनीसाठी पहिला परिच्छेद त्यांनी मनापासून लिहिला. बाकीचं ऋषी नावाच्या मुलाच्या जुन्या पत्रातलं तसंच राहिलं. छापायचा हुकूम आला. खाली स्पष्ट लिहिलं होतं: 'ऋषी हा मेहनती मुलगा असून कॉलेजच्या क्रिकेट संघाचा तो कप्तान होता.'

निदान कागद तरी अडकावा, असं वाटलं. एरवी नको तेव्हा अडकणारा कागद त्या दिवशी सरळ बाहेर आला.

तो रोशनीनेच उचलला. मॅडमच्या हाती देता देता तिची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"मॅडम..."

"काय गं?" मॅडमनी फोन कानाला लावत विचारलं. दवाखान्याचा फोन होता.

"काही नाही, मॅडम."

सही झाली. लिफाफा बंद झाला. चिकटवलेल्या जागेवर मॅडमनी आडवी सही केली, शिक्का मारला आणि पर्स उचलून त्या लगबगीने निघून गेल्या. दाराबाहेर रोशनीची मैत्रीण काजल उभी होती.

"ऋषीचं नाव आहे त्याच्यात," रोशनी म्हणाली.

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"कशी सांगू? किती चकरा मारल्या तवा भेटलं हे. चूक काढली तर म्हणतीन, लय शहाणी झाली. उद्या सांगतो, त्यांचं मन बरं पाहून."

पण दुसऱ्या दिवशी मॅडम रजेवर गेल्या. रोशनी बाकावर लिफाफा मांडीवर घेऊन बसून राहिली. फोन काढायची आणि पुन्हा आत ठेवायची. दवाखान्यात बसलेल्या बाईंना कसा फोन करावा, असं तिला झालं असेल. शेवटची तारीख अगदी तोंडावर आली होती. दुपारी ती उठली आणि पोस्टात गेली.

मॅडम परतल्या, दुसऱ्या मुलाच्या पत्रासाठी तीच फाइल उघडली, त्यात ऋषीचं नाव दिसलं आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग रोशनीला बोलावणं गेलं.

"रोशनी, तुझ्या पत्रात माझ्याकडून..."

"मले माहीत आहे, मॅडम. मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाले राग येईन असं वाटलं."

मॅडमनी नवं पत्र लिहिलं, मी ते छापलं, त्यांनी ईमेलनेही पाठवलं. संस्थेचं उत्तर आलं: अर्जासोबत आलेली कागदपत्रं बदलता येत नाहीत. तेही मीच छापलं. पुढे निवडीची यादी लागली. रोशनीचं नाव त्यात नव्हतं.

"त्याच्यानंच झालं असं नाही, मॅडम. जागाच कमी होत्या," रोशनी म्हणाली. खरं काय ते त्या दोघींना कधीच कळणार नाही. मलाही नाही.

आता मॅडम पत्र छापण्याआधी संगणकाचा पडदा मुलांकडे वळवतात. "नीट वाच, चूक दिसली तर सांग," म्हणतात. मुलं पडद्याकडे बघतात आणि लगेच मान डोलावतात, "बरोबर आहे, मॅडम." मी समोरच असतो. त्यांचे डोळे एकाही ओळीवरून सरकलेले नसतात.

मित्रांनो, भीती वाटली तरी वाचा. चूक दिसली तर आवाज कापला तरी बोला. तुम्हाला तोंड आहे.