उतार कुठल्या बाजूला

निघण्याआधी बायकोने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. तिकडे पोचल्यावर लेकीला एकही सूचना करायची नाही. काहीही दिसलं तरी ‘छान आहे’ म्हणायचं आणि मूग गिळून बसायचं.

माणूस बांधकामाचा ठेकेदार. उभी हयात दुसऱ्याच्या भिंतीतल्या चुका काढण्यात गेली, आणि त्याचेच पैसे मिळत गेल्यामुळे ही खोड आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. लग्नाच्या फोटोत झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव मात्र वर, छताला आलेल्या ओलीकडे. लेक झाली त्या दिवशी नर्सने बाळ हातात दिलं, तर हा म्हणाला, “तुमच्या बेसिनचा नळ गळतोय.” बायकोने हा किस्सा इतक्यांना सांगितला होता, की आता तो ऐकताना त्यालाच सगळ्यांत जास्त हसू यायचं. काय नग आहोत आपण, असं म्हणून तो मान हलवायचा.

पण मागच्या वर्षी हसू आटलं. लेकीने ऑफिसातली चांगली नोकरी सोडली आणि शहराबाहेर माळाचा तुकडा घेतला. तिथे तंबू ठोकायचे, मातीचं स्वयंपाकघर बांधायचं, सौरदिवे लावायचे, पाण्याचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही आणि शहराला विटलेल्या माणसांना दोन-चार दिवस ठेवून घ्यायचं, असा तिचा बेत. आनंदाने फोन करून तिने हे सांगितलं, आणि ह्या शहाण्याने पहिला प्रश्न विचारला, “उतार कुठल्या बाजूला आहे?” मग गाडी जी सुटली ती थांबेचना. पलीकडून फोन केव्हा ठेवला गेला तेही त्याला कळलं नाही.

त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची. फोन वाजला की हा पेपर चाळत उगाच आसपास घुटमळायचा, आणि बायको फोन घेऊन गॅलरीत जायची. फार वाईट वाटायचं त्याला. पण स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेल्या माणसाने तक्रार तरी कुणाकडे करायची?

आणि अचानक बोलावणं आलं. पहिले पाहुणे रविवारी यायचेत, त्याआधी तुम्ही दोघं येऊन राहा. आता पुन्हा जीभ सुटली तर पोरगी कायमची हातची जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तो फाटकातून आत शिरला तोच मुळी ‘छान आहे’ म्हणत. फाटकालाही छान म्हणाला. संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा होता. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने हा घोर अपमान, पण तोही छान. रात्रीची भाजी खालून करपली होती, तिला तर त्याने दोनदा छान म्हटलं. बायकोने टेबलाखालून पाय दाबला. जास्त होत होतं म्हणे.

खरी पंचाईत सकाळी झाली. न्हाणीघराचं पाणी एका उघड्या चरातून भाजीच्या वाफ्यांना जायचं होतं. कल्पना झकास. पण अर्ध्या वाटेवर चराचा उतार चुकला होता, आणि तिथून पाणी सरळ हे दोघं उतरले होते त्याच तंबूत शिरणार होतं. हे त्याला अंघोळीला जाताजाता दिसलं. रविवारी शहरातली माणसं ह्या तंबूत येऊन झोपणार, आणि पहिल्याच सकाळी त्यांच्या उशाशी दुसऱ्याचं साबणाचं पाणी.

त्याने दोन तांब्यांत अंघोळ उरकली.

“अगं, आज तुझी अंघोळ राहू दे ना,” तो बायकोला म्हणाला.

“का?”

“उगाच. थंडी आहे.”

थंडी कसली, घाम येत होता. बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “एक शब्दही बोलायचा नाही, ठरलंय आपलं.” मग ती गेली आणि मनसोक्त न्हाली. इकडे हा तंबूच्या तोंडाशी ओणवा होऊन आपला टॉवेल, दोन शर्ट आणि पायमोजे ह्यांचा बांध घालत होता. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण असलं भिकार काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

“मोरी कशी वाटली बाबा?” लेकीने नाश्त्याला विचारलं.

“छान आहे.”

ती उठून भांडी घासायला गेली.

दुपारी बायको तंबूत आडवी झाली, लेक स्वयंपाकघरात होती. त्याचे हात शिवशिवायला लागले. वचन तोंडाचं दिलं होतं, हातांचं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. गुपचूप चर थोडा खोल करावा, विषय संपला. पण खणायला काहीच मिळेना, म्हणून त्याने तंबूची कोपऱ्यातली खुंटी उपसली. एका खुंटीने काय होतंय, असं त्याचा दांडगा अनुभव सांगत होता.

वीतभर चर खणून झाला असेल नसेल, वारा आला आणि तंबू बायकोवर बसला.

“अहो, काय पाडलंत?” आतून आवाज आला. कुणी पाडलं, हे तिला विचारावं लागलं नाही.

लेक धावत आली. बाप गुडघे टेकून मातीत, हातात खुंटी.

“हे काय चाललंय, बाबा?”

“काही नाही. छान आहे,” तो म्हणाला.

ती चिडेल म्हणून त्याने मान खाली घातली. पण ती चिडली नाही. समोर मातीतच बसली.

“कालपासून सगळं छान आहे. करपलेली भाजी छान, फाटक छान. मला रात्रभर झोप नाही.” ती त्याच्या हातातल्या खुंटीकडे बघत होती. “लहानपणी तुमच्याबरोबर साइटवर यायचे ना मी. जे घर पाडायचंच असायचं, त्याच्या चुका तुम्ही कधी काढत नव्हतात. नुसतं बघायचात आणि पुढे जायचात. मला वाटलं, माझंही तसंच ठरवलंत.”

जन्मभर बोललेल्या माणसाने हातातली खुंटी खाली ठेवली.

“अगं, नाही गं,” एवढंच म्हणाला. डोळे भरून आले होते.

“आधी मला बाहेर काढा, मग रडा,” कापडाखालून बायको म्हणाली.

दोघांनी तिला ओढून काढलं. तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

“माझ्याकडे काय बघताय? बोला,” ती केस सावरत म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

“पाहुणे उद्या यायचेत,” लेक म्हणाली. “तुम्हाला मी पाहुणा म्हणून बोलावलं नव्हतं. सांगा आता.”

मग तो बोलला. चराचा उतार. सौरदिव्याच्या पॅनेलवर दुपारनंतर पडणारी झाडाची सावली. संडासाचं दार, जे आत उघडायला हवं होतं. ती अर्ध्या गोष्टींवर कडाकडा भांडली. दार बाहेरच उघडणार, कारण तिथून टेकडी दिसते, असं तिने ठणकावलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते पटलंही. भांडत भांडतच दोघांनी लेकीने आणलेल्या कुदळीने चर नव्याने खणला. बादलीभर पाणी सोडलं. ते निमूट वाफ्यांकडे गेलं.

“आणि स्वयंपाकघराची भिंत?” तिने कुदळीची माती झाडत, त्याच्याकडे न बघता विचारलं. “ती मी एकटीने बांधलीय.”

तो भिंतीपाशी गेला. एक डोळा मिटून खालून वर बघितलं. कोपऱ्यावर हात फिरवला. दुसऱ्या बाजूनेही जाऊन आला.

“वरून ओळंब्याची दोरी सोडून बघितली तरी सूतभर वाकडी निघायची नाही,” तो म्हणाला. “मला पहिली भिंत अशी जमली नव्हती.”

तिने कुदळ तिथेच टाकली, आणि ती तिशीतली बाई शाळकरी पोरीसारखी आत पळाली.

“आई, बाबा काय म्हणाले ऐकलंस?”