एंटर दाबल्यावर

किमान गरज

आठ जीबी रॅम. आमच्याकडे चारच होती, म्हणून सगळा दोष आधी तिच्या माथी मारला.

बाबा क्रिकेटचा गेम खेळायला बसले की चेंडू यायचा, यष्ट्या उडायच्या, आणि मग बॅट फिरायची. वरातीमागून घोडं.

"तुझं खोकं म्हातारं झालंय," बाबा म्हणायचे. बंदरावर उंच क्रेन चालवणाऱ्या माणसाला यंत्रातलं मी काय सांगणार? मी रॅम वाढवली. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. दुकानदार म्हणाला, "ताई, आता यावर रॉकेट उडवा."

बॅट मात्र तशीच. उशिरा.

कळा

A : डावीकडे. D : उजवीकडे. हे डाव्या हाताला.

एंटर : फटका. हा उजव्या.

जेवताना (हे गेमच्या माहितीपत्रकात नाही)

मामा बाबांच्याच क्रेनखाली उभा असतो. तो हातांनी खुणा करतो, बाबा वरून त्या बघून मालाची अवजड पेटी उतरवतात.

"भावोजी, तुमची क्रेन हल्ली उशिरा थांबते हं. काल पेटी माझ्या डोक्याला वारा घालून गेली."

"तेवढंच डोकं थंड राहील तुझं."

"ताईला विधवा करायचं सोडून तिच्या भावावर उठलात होय?"

आई म्हणाली, "जेवताना काय अभद्र बोलतोस!"

"ब्रेक सैल आहे रे," बाबा म्हणाले.

"मेकॅनिकनं तपासला की. काही नाही म्हणतो."

"त्याला काय कळतंय?"

सगळे हसले. मला उशिरा फिरणारी बॅट आठवली.

सेटिंग

आज दुपारी, बाबा पाळीवर निघायच्या आधी, मी कळांची अदलाबदल केली. फटका A वर. डाव्या हाताला.

"ही कसली उलटी गंगा?"

"खेळून तर बघा."

पहिला चेंडू: चौकार. पुढचा गोलंदाजाच्या डोक्यावरून. त्याच्या पुढचा थेट प्रेक्षकांत.

"जमलं बाई तुला एकदाचं! काय केलंस?"

बाबांनी A वर ठेवलेल्या बोटाकडे पाहिलं. हसू विझलं.

"परत एंटरवर आण."

आणलं.

त्रिफळा.

त्रिफळा.

"बाबा, राहू द्या ना."

"पुढचा चेंडू येऊ दे म्हणतो ना!"

या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. चेंडूचा टप्पा पडल्याचा आवाज आला. बाबांचा जबडा आवळला गेला, खांदा हलला. बोट एंटरवर तसंच. मेलेल्या पालीसारखं. यष्ट्या उडाल्याचा आवाज आला.

मग बोट खाली गेलं.

पडद्यावरचे प्रेक्षक शिट्ट्या मारत होते.

"बाबा, क्रेनचा ब्रेक कुठल्या हाताला असतो?"

मला माहीत होतं. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मीच तो ओढला होता.

"आवाज बंद कर त्याचा," बाबा म्हणाले.

पॉज

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. "भावोजी, चला! की पालखी पाठवू?"

बाबांनी डाव्या हातानं हेल्मेट उचललं. दारापर्यंत गेले. अडवावं तर तीस वर्षांची नोकरी जाते, न अडवावं तर मामा. बाबा दाराशी उभे. बाहेर पडेनात, मागे वळेनात.

मग हेल्मेट खुर्चीवर ठेवून ते खिडकीशी आले.

हात आडवा, सरळ, तळवा जमिनीकडे: थांब. आजवर ही खूण मामानं करायची आणि बाबांनी पाळायची.

बाबांनी उजवा हात उचलायला घेतला.

मामा खाली मान वर करून बघत होता. रोज लटकत्या पेटीखालून बघतो तसाच. बाबांचा खांदा हलला. हात खिडकीच्या चौकटीपाशीच. मला ओरडावंसं वाटलं. मग कोपर सुटलं, आणि हात एकदाचा आडवा झाला.

मामानं त्याच क्षणी गाडी बंद केली.