योग्याची माय

"ए योग्याची माय, आगं बोल की. माझं काय चुकलं त्ये तर सांग."

गुरुपादअप्पा खाटेवर मांडी घालून लॅपटॉपशी बोलत होते. पडद्यावर त्यांच्याच घराचं मागचं दार होतं आणि दारात डोक्यावर पदर घेतलेली बाई उभी होती. अप्पांनी बाणाची कळ दाबली की ती मान वर करायची आणि म्हणायची, "जेवून घ्या." पुन्हा दाबली की, "भाकर निवायलीय." तिसऱ्यांदा, "ऊन लई हाय, आत या." चौथ्यांदा पुन्हा "जेवून घ्या."

"कालधरनं हेच चाललंय," अप्पा योगीराजला म्हणाले. "मी इचारतोय येक, ती सांगतीय दुसरंच. रागावलीय."

"अप्पा, ताट वाढलंय."

"ती धड बोलली की जेवतो."

काल रात्रीचं ताटही तसंच उठलं होतं. योगीराज दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला. दारातली ती बाई त्यानेच चितारली होती. तिचा पदर, तिची वाकलेली मान, एक खांदा जरा खाली ठेवून उभं राहायची तिची तऱ्हा, सगळं त्याचंच काम. आवाज मात्र बहिणीचा, कावेरीचा होता, कारण कावेरीचा गळा मायवर गेला होता. खरी माय, गंगासागरबाई, करोनाच्या दुसऱ्या लाटेत हृदयविकाराने गेली होती, आणि अप्पा ते साफ विसरले होते.

योगीराजची गोष्ट तशी सांगण्यासारखी नाही. नांदूरघाटच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, पुण्याला एका कंपनीत मोबाइलवरच्या रमीचे पत्ते आणि त्यांच्याखालचे गालिचे चितारायचा. पोटासाठी पत्ते, पण जीव अडकलेला भलतीकडेच. जगात कुठे कुठे दोन-तीन माणसं एकत्र बसून, वर्षानुवर्षं खपून लहान लहान खेळ घडवतात. त्यांत कुणाला मारायचं नसतं आणि काही जिंकायचंही नसतं. बर्फात अडकलेल्या गावात एखादा म्हातारा पत्रं वाटत फिरतो, एखादी मुलगी वारलेल्या आजोबांचं घर आवरते. आपण फक्त चालायचं, थांबायचं, ऐकायचं. असे खेळ योगीराजने उपाशी माणसाने जेवावं तसे खेळले होते. आपल्याही हातून असा एक व्हावा, एवढीच त्याची हाव होती.

माय गेली आणि तो गावी परतला तो परतलाच. मग रस्ता रुंद झाला. टेप लावून खुणा केल्या, आणि पेठेतली सगळी दुकानं एका आठवड्यात भुईसपाट झाली. अप्पांचं दुकान गेलं, मागचं घर तेवढं राहिलं. दुकानाबरोबर अप्पांची आठवणही चालली. सकाळी टोपी घालून ते दुकान उघडायला निघायचे आणि नव्या डांबरी रस्त्याच्या मधोमध उभे राहून कुलूप शोधायचे. एकदा उसाचा ट्रॅक्टर त्यांच्या पुढ्यात येऊन थांबला. ड्रायव्हरने नाही नाही त्या शिव्या दिल्या आणि अप्पांनी त्याला गिऱ्हाईक समजून किती किलो पाहिजे ते विचारलं.

तोवर योगीराजचा खेळ बराच झाला होता. नाव 'पेठ'. मोडलेली पेठ त्याने जशीच्या तशी उभी केली होती. अप्पांचं दुकान, बरण्या, तागडी, समोरच्या ओट्यावर निवडण घेऊन बसणारी ताराबाई, बाजारच्या दिवशीची धूळ. खेळ नेटवर चढवल्यावर थोड्याफार लोकांनी खेळला. गावात शेजारच्या सिदूने उघडून बघितला आणि विचारलं, "बंदूक कवा मिळती बे?"

"न्हाई मिळत."

"मग कावून खेळायचं?"

 या प्रश्नाचं उत्तर अप्पांनी दिलं. एके सकाळी टोपी घालून निघालेल्या अप्पांना त्याने धरून खाटेवर बसवलं आणि लॅपटॉप पुढे केला. अप्पांनी बाण दाबला, दुकानाची फळी उघडली. अप्पांचा चेहरा असा काही निवला, की योगीराजने तोंड फिरवून डोळे पुसले. त्या दिवसापासून अप्पा रस्त्यावर गेले नाहीत. सकाळी दुकान उघडायचे, बसायचे, दुपारी मागच्या दाराशी यायचे. दारातली बाई म्हणायची, "जेवून घ्या," आणि अप्पा उठून खरोखर जेवायचे. डॉक्टरच्या गोळ्यांना जे साधलं नाही ते या पोरखेळाने साधलं म्हणून योगीराज मनात फुशारला होता.

आता तीच बाई त्यांना जेवू देत नव्हती.

त्याने बीडला कावेरीला फोन लावला. कावेरी तिथे एका क्लासच्या ऑफिसात कामाला होती.

"मायची आणखी वाक्यं पाहिजेत," तो म्हणाला. "तू बोल, मी टाकतो."

"कसली वाक्यं?"

"ती काय काय बोलायची ते. आठव की."

कावेरीने आठवलं. अभ्यास कर. केस बांध. शेंगदाणे मोजून घे. पाव्हणे आले, पाणी दे. योगीराजला आठवलं, पोचलास का, जेवलास का, गरम कपडे हायेत का. दोघं बराच वेळ आठवत राहिली. सगळी वाक्यं लेकरांना सांगितलेली, नाहीतर कामाची.

"अप्पाशी ती काय बोलायची रे दादा?"

"तेच तर इचारतोय."

"बोलायचीच कुठं? दुकानात गिऱ्हाईक असायचं. ती दाराची कडी वाजवायची, अप्पा उठायचे. बास. मी तिला अप्पासमोर बसून बोलताना बघितल्याचं मला न्हाई आठवत."

योगीराजलाही आठवत नव्हतं. एवढा जन्म काढला बाईने, आणि पोटच्या दोन लेकरांना तिची एक ओंजळभर वाक्यं सांगता येत नव्हती. त्याला स्वतःची शरम वाटली. पेठेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी त्याने अक्षरासकट उतरवली होती, आणि माय मात्र तीन वाक्यांत भागवली होती.

"तू अस्सं म्हण," तो शेवटी म्हणाला. "'मी रागावले न्हाई, तुमचं काई चुकलं न्हाई.' येवढंच म्हण."



"मला न्हाई जमणार," कावेरी म्हणाली. "भाकर निवली म्हणणं येगळं. हे तिच्या तोंडून मी कसं बोलू? चुकलं का न्हाई चुकलं, ते तिला ठावं." आणि ती रडायला लागली, तेव्हा योगीराजने फोन ठेवला.

संध्याकाळी अप्पा पडद्याला हात जोडून बसले होते. त्यांनी पाणीसुद्धा सोडलं होतं. ते बघून योगीराजचं डोकं चालेनासं झालं, आणि त्याने जे सुचलं ते केलं. खेळातलं दार लावून घेतलं, बाईला काढून टाकलं. ओट्यावरच्या ताराबाईच्या तोंडी एक वाक्य घातलं, नुसतं लिहून, आवाजाविना, आणि अप्पांना ते वाचून दाखवलं. "योग्याची माय माहेरी गेलीय, आंबाजोगाईला."

अप्पांनी डोळे बारीक करून बंद दाराकडे बघितलं. मग हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"आसं व्हय. मग मगाशीच सांगायचं की," ते म्हणाले. "रागावली की जातीच ती माहेरी. वाढ."

आणि दोन भाकरी खाल्ल्या. योगीराजला वाटलं, सुटलो.

चार दिवस बरे गेले. अप्पा दुकान उघडत, दुपारी ताराबाईला विचारत आणि जेवत. अप्पा खेळायचे तोच खेळ नेटवर होता, आणि तिथे मात्र कुठल्या तरी परदेशातल्या एकाने लिहिलं होतं, की दारातली बाई दिसेनाशी झाली आहे, हा खेळातला दोष आहे का, की ती पुन्हा येईल? मी तिच्यासाठीच रोज हा खेळ उघडायचो. योगीराजने ते दोनदा वाचलं आणि पान बंद केलं.

आपल्याकडे बायको रागावून माहेरी गेली की ती आपल्या पायांनी परत येत नसते. नवऱ्याने जायचं असतं, सासऱ्याच्या ओटीवर खाली मान घालून बसायचं असतं, मग तिला मानाने घेऊन यायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. योगीराजच्या ते ध्यानातच आलं नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, त्यातलाच प्रकार.

पाचव्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. धुतलेलं धोतर नव्हतं, टोपी नव्हती, स्वयंपाकघरातला साखरेचा डबा अर्धा झाला होता. योगीराज आधी रस्त्यावर धावला, मग स्टँडवर. तिथला चहावाला सटवा म्हणाला, "अप्पा पहिल्या केजच्या गाडीनं गेले की. मी इचारलं कुठं, तर म्हनले, मंडळीला आनाया. मला वाटलं खुळ्यागत बोलायलेत, पर चांगले कापडं घालून गेलते."

पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही, म्हणून कंडक्टरनेही फार विचारलं नसणार. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तो केजला गाडी बदलून बायकोच्या माहेरी बरोबर पोचला. योगीराज मोटरसायकलवर अर्ध्या वाटेत असताना मामेभाऊ परमेश्वरचा फोन आला.

"अप्पा हिकडं आलेत," तो म्हणाला. "आत्याला धाडा म्हनले. मी म्हनलं, अवो अप्पा, आत्याला जाऊन किती वर्सं झाली. मला काय म्हाईत ह्ये इसरलेत ते? लवकर ये दादा. उठंनात बग."

अप्पा ओटीवर बसले होते. साखरेची पिशवी मांडीवर होती. परमेश्वरच्या बायकोने पुढे ठेवलेला चहा थंडगार झाला होता. योगीराज समोर जाऊन उकिडवा बसला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं. ती नजर इतकी स्वच्छ होती, की वर्षभरात त्याने तशी पाहिली नव्हती.

"योग्या, तुझी माय गेली म्हनं."

"व्हय अप्पा."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग मला कावून सांगितलं न्हाईस?" ते ओरडले नाहीत. "लिंगायताच्या बाईला माती द्यायला नवरा न्हाई? लोकं काय म्हनली आसतील? मला मातीला बोलवायचं तरी व्हतं."

वास्तविक त्या दिवशी मातीला होते ते अप्पाच. ते, विधी सांगणारा जंगम आणि शेजारचे दोघं-तिघं. तिला बसवून, कपाळाला विभूती लावून, बेल वाहून अप्पांनीच पहिली मूठ टाकली होती. नव्हता तो योगीराज. लॉकडाउनमध्ये पुण्याहून निघायला पास मिळाला नाही, आणि मायची माती त्याने शेजाऱ्याच्या मोबाइलवरून बघितली होती. मोबाइल सारखा हलत होता आणि एकदा तर नुसतं आभाळच दिसत राहिलं होतं. हे सगळं आता अप्पांना सांगून काय उपयोग होता? तो म्हणाला, "चुकलं अप्पा." त्या दोन शब्दांत त्याला सगळं म्हणायचं होतं, पण ते अप्पांपर्यंत पोचलं नाही.

"आता तरी ने," अप्पा म्हणाले.

त्याच दिवशी उन्हं कलताना तो त्यांना नांदूरघाटच्या समाजाच्या स्मशानभूमीत घेऊन गेला. मागच्या साली तिथे भिंत घालायची म्हणून जेसीबी फिरवला होता. ज्यांच्या समाधीवर बांधलेले ओटे होते ते राहिले, बाकीची जमीन एकसारखी झाली. मायचा ओटा बांधायचा बांधायचा म्हणता राहूनच गेला होता. समोर नुसती सपाट, भेगाळलेली भुई पसरली होती आणि कडेला वेड्या बाभळी.

"कुठं हाय?" अप्पांनी विचारलं.

योगीराजला माहीत नव्हतं. तो शोधल्यासारखं करत चालत राहिला. बाभळीच्या पलीकडे एक जागा होती, तिथे तिरपं ऊन येत होतं आणि मागे भिंतीची सावली होती. खेळात मायला कुठे ठेवायचं असतं, तर त्याने तिथेच ठेवलं असतं. तो थांबला.

"हितं."

"नीट बसवलं व्हतं का? त्वांड कुनीकडं केलं?"

"घराकडं."

अप्पांनी मान हलवली. वाकता येईना, तेव्हा योगीराजने माती उचलून त्यांच्या मुठीत दिली. ती त्यांनी हळूहळू खाली सोडली आणि मग म्हणाले, "तू बी दे." त्याने दिली. मायला माती द्यायची त्याची ती पहिलीच वेळ होती, आणि खाली माय असेलच असं त्याला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा टोपी घालून तयार होते. "योग्या, ऊठ. तुझी माय गेली. मातीला उशीर व्हायलाय."

बाकी सगळं विसरणाऱ्या अप्पांना तेवढंच राहिलं, आणि रोज नव्याने राहिलं. सकाळी रडून घेतात, जेवण पुढे केलं तर अजून माती व्हायचीय म्हणतात. माती देऊन आलं की चार घास खातात. योगीराजने एकदा 'पेठ' उघडून पुढे ठेवली, बाईला पुन्हा दारात आणून. अप्पांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आज दुकान बंद."

पुण्याच्या कंपनीकडून बोलावणं आलं होतं, ते त्याने नाकारलं. रोज सकाळी दोघं स्मशानभूमीत जातात. रोजच्या दोन मुठी पडून पडून त्या जागी आता चांगला वीतभर उंचवटा झाला आहे, आणि मधे कुणीतरी त्यावर बेलाचं पान ठेवून गेलं होतं.

हल्ली अप्पा त्या उंचवट्यापाशी येतात आणि योगीराजचा हात धरून त्याला बाजूला ओढतात.

"पाय लावू नगंस. कुनाचं तरी मानूस हाय."

मग ते त्याला वळसा घालतात, हात जोडतात आणि पुढच्या सपाट जमिनीकडे बघत विचारतात, "तुझी माय कुठं हाय?"