भोंगा आणि हिरवा दिवा

माझा आवाज मोठा आहे. हे मी वेगळं सांगायची गरज नाही; मी घरात बोलायला लागले की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आमच्याकडची भाजी कळते. सगळी नोकरी पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवण्यात गेली. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला "पाय मार, पाय!" म्हणून सांगायचं तर कुजबुजून भागत नाही. निवृत्त होऊन दादाकडे राहायला आले ती आवाजासकट आले. दादा मला भोंगा म्हणतो. वहिनीचं दिवसातलं पहिलं वाक्य "वन्सं, हळू," आणि झोपताना शेवटचंही तेच.

दादाची मुलगी, माझी भाची, नेमकी उलटी. तिला सगळे चिमणी म्हणतात, पण चिमणी निदान चिवचिवते तरी. हिचं बोलणं ओठांपर्यंत येतं, बाहेर डोकावतं आणि परत आत जातं. पोरगी हुशार. घरांचे नकाशे असे काढते की बघणाऱ्याला उद्याच तिथे राहायला जावंसं वाटेल. तरी नोकरीच्या दोन मुलाखती हातच्या गेल्या. आमचं घर उताराच्या तळाशी, मोबाइलला रेंज मिळते ती फक्त न्हाणीघराच्या खिडकीत. तिथे उलट्या बादलीवर बसून बिचारीनं मुलाखती दिल्या. पलीकडचे "ऐकू येत नाही" म्हणत राहिले आणि ही आणखी आणखी बारीक होत गेली. घरच्यांनी सगळं खापर नेटवर फोडलं. मला विचाराल तर अर्धं खापर नेटचं होतं, अर्धं हिच्या आवाजाचं.

म्हणून घरात फायबरचं नेट. तिसरी मुलाखत चारला, आणि त्याच दिवशी जोडणी. ही नोकरीही गेली तर यापुढे कुठे अर्जच करायचा नाही, असं चिमणीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आत्या," जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चारला तू समोरच्यांकडे जाऊन बसशील? तुझा आवाज... येतो गं आत."

मला वाईट वाटलं. वाटलं ते सांगते, मनात ठेवून कुजवायची माझी रीत नाही. पण पोरीचा प्रश्न होता. "बसेन की," म्हटलं.

नेटवाला आला तो शीळ घालतच. भिंतीला भोक पाडलं, दोऱ्याएवढी पांढरी वायर आत ओढली, टीव्हीखाली एक डबा बसवला. दादा सकाळपासून रिमोट हातात धरून काळ्या टीव्हीसमोर बसला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नेट आणि टीव्ही दोन्ही त्या एकाच डब्यातून येणार होते, आणि डब्यावर पेटला लाल दिवा.

"समोरच्या गच्चीवर पेटी आहे, तिथून लाइन येते," नेटवाला म्हणाला. "पेटीतल्या खुणांच्या चिठ्ठ्या उन्हानं पार पुसल्यात. एकेक जागी लावून बघतो. दिवा हिरवा झाला की मला फोन करा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. फोन लागतो न्हाणीघरात, दिवा दिवाणखान्यात.

"मग दर वेळी तीन जिने उतरून बघायला यायचं?" तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "चार काय, सहा वाजतील."

चिमणीचे डोळे भरून आले. आणि वहिनी, चक्क वहिनी, म्हणाली, "वन्सं आहेत की!"

मी खिडकीत उभी राहिले. तिथून डबाही दिसत होता आणि गच्चीवरचा नेटवालाही. त्यानं एका जागी वायर लावली आणि हात वर केला. दादाकडे आल्यापासून जमेल तेवढा आवरून धरलेला आवाज मी मोकळा सोडला.

"लाल!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. त्यानं दुसरीकडे लावली.

"लाल!"

"काय झालं हो?" खालून कुणीतरी विचारलं. मी तेही ओरडूनच सांगितलं. मग काय, दर खेपेला सगळी गल्ली माझ्याबरोबर "लाल!" म्हणू लागली. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला. दुकानदार गिऱ्हाईक सोडून दिव्याची चौकशी करू लागला. मी इतकी खुशीत होते की तो दिवा आणखी थोडा वेळ लालच राहिला तरी चालेल, असा एक पापी विचार मनात येऊन गेला.

आणि मग तो बदलला.

"हिरवा! हिरवा! हिरवा!"

गच्चीवरची कबुतरं उडाली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या, दादाच्या टीव्हीवर कुणीतरी गायला लागलं. सामान न्यायला आलेला नेटवाला म्हणाला, "काकू, तुम्ही घरात असताना फायबर कशाला घेतलंत?"

चारला थोडा अवकाश होता. मी शब्द पाळायला चपला घातल्या. चिमणी दारात आडवी आली.

"जाऊ नकोस, आत्या. खोलीच्या दारात उभी राहा."

"मी गप्प राहीन याची मलाच खात्री नाही गं."

"तोंडावर हात धर."

धरला. दादानं टीव्हीचा आवाज बंद केला. वहिनी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली. चिमणीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर तीन चेहरे आले, अगदी स्वच्छ, एकही अडखळला नाही. पहिला प्रश्न आला. चिमणीनं उत्तर दिलं, ते टेबलाच्या कडेपर्यंतही पोचलं नाही.

"जरा मोठ्यानं बोलाल का?" पडद्यावरची बाई पुढे झुकली.

झालं! नेट धडधाकट असूनही तेच. चिमणीची मान खाली जायला लागली. माझ्या घशात शब्द नुसते उड्या मारत होते. आणि माझा मोकळा हात आपोआप वर गेला.

पोराचे कान पाण्यात गेले की माझा भोंगाही त्याला ऐकू जात नाही. तेव्हा तलावावर एकच खूण चालायची: तळवा वर उचलायचा. हनुवटी वर, श्वास घे, मग पुढे. चिमणीही लहानपणी माझ्याकडेच पोहायला शिकली होती.

तिनं पाहिलं. हनुवटी वर आली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि बोलायला लागली. माझ्यासारखी नव्हे, तसं न झालेलंच बरं. पण स्पष्ट, मोकळं, पलीकडच्याला कान द्यावासा वाटेल असं. मध्ये ती एकदा हसलीसुद्धा. मला रडू येत होतं आणि नाक ओढायचीही चोरी.

"पुढच्या महिन्यापासून या," शेवटी ती बाई म्हणाली.

चिमणीनं लॅपटॉप मिटला. उठली, माझ्यासमोरून तशीच पुढे गेली, खिडकीत उभी राहिली. हनुवटी वर. श्वास.

"हिरवा!"

कबुतरं पुन्हा उडाली. खालून गल्लीनं आरोळी दिली. आणि स्वयंपाकघराच्या बंद दारामागून वहिनी कळवळून ओरडली, "वन्सं, हळू! पोरीची मुलाखत चालली आहे!"

माझा हात अजून तोंडावरच होता.