रूबेनच्या नवसाचा मलिदा

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, आणि आमचा रूबेन नेमका तिथल्याच एका कापडाच्या कंपनीत नोकरीला. टीव्हीवर तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी पाहिली आणि मी तिथल्या तिथे आमच्या प्रेषिताला नवस बोलले, एलियाहू हन्नाबी, पोरगं धड घरी येऊ दे, मलिदा करीन.

आम्ही बेने इस्राएल. ज्यू म्हटलं की इथे दिल्लीच्या मयूर विहारात लोक 'अच्छा, क्रिश्चन!' म्हणतात. मी समजावून सांगायचं कधीच सोडलंय.

रूबेन सुखरूप आला. डॉक्टर म्हणाले, बिल्कुल ठीक आहे. पण सोसायटीच्या कानात कोण ओरडणार? तो जिन्यात दिसला की बाया माघारी वळायच्या. समोरच्या प्रभावतीताईंनीसुद्धा दार लावलं, ते मात्र मला झोंबलं. वर्ध्याची बाई, रोजचा चहा माझ्याकडे!

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. प्रार्थना म्हणायची आणि आलेल्यांच्या हातावर द्यायचा. घरच्याघरीच खाल्ला तर तो नवस कसला फिटतो! प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि दिल्लीत आमची घरं किती? बोटांवर मोजा. फोन केले तर एकाला सर्दी, एकाकडे पाहुणे. अस्सं काय! मग मीही डोकं चालवलं. रूबेन कामाला पानिपतला गेलाय, निर्धास्त या, असं सगळ्यांना, शेजारीपाजारीसुद्धा, सांगितलं. शनिवारी अंधार पडून शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, सरल्यावर त्याला आतल्या खोलीत बसवलं.

"आई, नवस माझाच ना?" तो म्हणाला.

"गप बस. आधी माणसं तर येऊ देत."

एवढं खोटं बोलूनही आले तिघंच. ह्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "दहा होत नाहीत. कद्दीश दहांशिवाय म्हणता येत नाही, तेवढं गाळून बाकीची प्रार्थना म्हणतो." प्रार्थना सुरू झाली तेवढ्यात प्रभावतीताई आल्या, नाकाला रुमाल बांधून दारापाशीच उभ्या राहिल्या. प्रार्थना झाल्यावर हे ताट घेऊन पुढे गेले, तर बाईंनी हातच पुढे केला नाही.

माझं टाळकं सटकलं. "एवढी भीती वाटते तर आलात कशाला?"

"रूबेन कुठंय?"

"पानिपतला."

"काहीतरीच! दुपारी खिडकीत उभा होता. ज्याच्यासाठी देवाचे आभार मानता, त्यालाच लपवून ठेवलंत?"

आलेले तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माझ्या आईला गावात पाणी वरून ओतायचे," त्या म्हणाल्या. "दुरून. ओंजळीत. आणि त्या दिवशी मी तुमच्या पोराला बघून दार लावलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही हो. बोलवा त्याला. मी घेईन तर त्याच्या हातचं."

मी खोलीचं दार उघडलं. रूबेन बाहेर आला. तिघांतला एकजण चपला शोधायला लागला, बाकीचे दोघे बसून राहिले. ह्यांनी ताट पोराच्या हातात दिलं.

प्रभावतीताईंनी रुमाल खाली ओढला आणि तळहात पुढे केला.

"मावशी, भीती वाटत असेल तर राहू द्या," रूबेन म्हणाला.

"वाटतेय ना," त्या म्हणाल्या. "घाल तू."

त्याने मलिदा त्यांच्या हातावर ठेवला, आणि त्यांनी तो त्याच्यासमोर उभं राहून सगळा खाल्ला.