उजवी बाजू नातवाची

एकसष्ट सालची गोष्ट. साल चुकायचं कारणच नाही, कारण त्या वर्षी गोठेवाल्या काकूंच्या घरी एकाच आठवड्यात गाय व्यायली आणि सून बाळंत झाली. गाईचं नशीब थोर, तिचं बाळंतपण तेवढं अकलेनं झालं.

काकूंच्या गोठ्यात अकरा गाई. त्यांच्यातलं काकूंना कळत नाही असं काही नव्हतं. ठिपक्या गाईचं वासरू जमिनीवर पडलं, तशा त्या गड्यावर ओरडल्या, "बघत काय उभा राहिलास? कासेला लाव आधी! पहिला चीक पोटात गेला नाही तर वासरू जगायचं नाही."

चार दिवसांनी नातू झाला. सुनेच्या अंगावर पिवळा, दाट चीक आला. काकूंनी नाक मुरडलं. "ई! नऊ महिने तुंबलेलं नासकं ते. पिळून टाक. आणि तीन दिवस पोराला जवळ घ्यायचं नाही. साखरपाणी पाजू."

तीन दिवस पोरानं साखरपाणी चोखलं. चौथ्या दिवशी त्याच्यात रडायचंही त्राण उरलं नाही. पोर लांब ठेवलेलं, मग दूध यावं तरी कुणासाठी? पण काकूंनी जाहीर करून टाकलं, "सून कोरडी निघाली. माहेरचं हाडच तसलं." आणि दूध यावं म्हणून तिला कडू काढा सुरू केला.

मग पोराला पाजायला गावातल्या दोरवालीला बोलावणं गेलं. दोर वळताना तिचा नवरा एका टोकाला चाक फिरवायचा आणि ही कमरेला काथ्याचा पेळू बांधून, पीळ सांभाळत, उलट्या पावलांनी मागे मागे जायची. पाठीवर पाच महिन्यांची पोरगी. पहिलं पोर तिनं गमावलं होतं. दिवसभराच्या कामाला गेली असताना कुणीतरी त्याला पाणी घातलेलं दूध पाजलं होतं, म्हणून ही दुसरी पाठीवरून खाली उतरत नव्हती.

काकूंनी तिला अंगणातच उभी केली आणि बाजारात गाय बघावी तशी चारी बाजूंनी बघितली. दात तेवढे मोजायचे राहिले.

"अंगावर मांस नाही गं तुझ्या. दूध पाणचट असणार."

"पाठीवरची पोरगी बघा की, काकू. पाण्यावर एवढी बाळसेदार होत असेल तर सगळ्यांनीच विहिरीवर जाऊन बसावं."

"जीभ भारी तिखट तुझी! रागीट बाईचं दूध नासतं. तो राग उद्या आमच्या नातवात उतरायचा."

"ठिपकीचं दूध पिऊन तुमच्यात कुणाला शिंगं फुटली का?"

आतून सुनेचं हसू ऐकू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"बरं, ऐक," काकू म्हणाल्या. "उजवी बाजू आमच्या नातवाची. डावी तुझ्या पोरीची. अदलाबदल चालायची नाही."

दोरवाली वाद घालणार होती. पण पोराचे सुकलेले ओठ आणि खोल गेलेली टाळू दिसली आणि तिनं नुसती मान हलवली. पोर घेतलं. ते चोखायचंच विसरलं होतं. तिनं थेंब थेंब ओठांवर पिळले, गालाला बोट लावलं, पुन्हा पिळले. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड लावलं आणि सोडीचना.

"माझाही एक नियम," दोरवाली म्हणाली. "पाजताना दार बंद. आत मी, ताई आणि पोरं. आणखी कुणाची नजर पडली की माझं दूध आटतं."

असल्या गोष्टी काकूंना लगेच पटायच्या.

दुसऱ्या दिवशी दार लागताच दोरवालीनं पोर सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, मला नाही येत. सासूबाई म्हणतात…"

"सासूबाई पाजणार आहेत का? लावा त्याला. दर वेळी आधी तुमच्याकडे, राहील ती भूक माझ्याकडे. ओढल्याशिवाय येत नसतं ते."

दोन दिवस सून नुसती रडली. तिसऱ्या दिवशी तिचा झंपर भिजला, तेव्हा दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या.

दोन आठवड्यांत नातू गुबगुबीत झाला. "उजव्या बाजूचा गुण," असं काकू येईल त्याला सांगायच्या. आणि एके सकाळी त्यांना नवीन शहाणपण सुचलं.

"तुझी पोरगी आमच्या वाट्याचं संपवतेय. दूध काय, घागरीतलं पाणी. दोन तोंडं लागली की तळ दिसणारच. तिला तुझ्या आईकडे धाड. गाईचं देते मी, पाणी घालून पाजा."

दोरवालीचा हात पोरगी पाठीशी बांधलेल्या गाठीवर गेला. तिचा आवाज मात्र चढला नाही.

"काकू, गाईंतलं तुम्हाला कळतं म्हणून विचारते. सड चार दिवस पिळला नाही तर?"

"आटतो. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि एका गाईला दोन वासरं लावली तर?"

"पान्हा वाढतो. जेवढं ओढाल तेवढं…"

गडी भलत्याच मन लावून शेण भरायला लागला. दोरवालीनं खोलीचं दार ढकललं. आत सून नातवाला पाजत होती. पोराच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

"हे कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"दहा-बारा दिवस झाले, सासूबाई. दोन्ही बाजूंनी."

काकूंनी पदर खोचला. मग कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, "ऐकलंस का गं? माझा काढा लागू पडला!"

दोरवाली पोरीला घेऊन आपल्या चाकाकडे परतली. तिनं डोळे जाईपर्यंत दोर वळले. सुनेनं पुढच्या दोन्ही बाळंतपणांत आतून कडी लावली आणि पहिल्या तासातच पोरं छातीशी घेतली. बाहेर सांगितलं, नजर लागते. नातू वर्गात पहिला आला की काकू म्हणायच्या आमचं रक्त, कुणाचं डोकं फोडून आला की दोरवालीचं दूध. दोरवालीची पोरगी, ती डाव्या बाजूची, शिकून दवाखान्यात नर्स झाली.

शहाऐंशी साली त्याच दवाखान्यात नातवाला मुलगा झाला. दोरवालीच्या पोरीनंच बाळ आईच्या छातीशी दिलं आणि खाटेपाशी बसलेल्या काकूंना बजावलं, "आजी, पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही. तेच पाजायचं."

काकूंनी बोळकं पसरून तिच्याकडे बघितलं.

"मला शिकवतेस? आमच्या गोठ्यात हे पहिल्यापासून चालत आलंय. माणसांनाच मेलं उशिरा कळतं!"